चुनीचं पोतं

(डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मरणार्थ वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



एक क्विंटल तूर डाळमिलमध्ये गेली की डाळ म्हणून साधारण ७० ते ७५ किलो माल हाती येतो. दाणा टपोरा असेल, तेलपाणी नीट बसलं असेल, ऊन चांगलं मिळालं असेल तर उतारा याच्याही वर जातो. उरलेल्या पंचवीस-तीस किलोंतली थोडी ओल उडून जाते. बाकीचं टरफल, चुरा, पीठ आणि अंकूर होऊन मिलच्या मागच्या बाजूला पोत्यांत भरलं जातं. त्या पोत्याला आपण चुनी म्हणतो आणि ते गोठ्यात जातं. पुढच्या दारातून निघालेल्या डाळीबद्दल आपण भाव, हमीभाव, आयात, साठा असं सगळं बोलतो. मागच्या पोत्याबद्दल कुणी व्याख्यान देत नाही. आज मी ते देणार आहे.

भाऊसाहेबांच्या, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या, नावाने उभं राहताना हा विषय मी मुद्दाम घेतला. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते देशाचे कृषिमंत्री होते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज उभा केला आणि १९५९-६० च्या हिवाळ्यात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवून दाखवलं. शेतकऱ्याने पिकवलेल्या मालाचं पुढे काय होतं आणि त्यातलं किती त्याच्याकडे परत येतं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. चुनीचं पोतं हे त्याच प्रश्नाचं एक न उघडलेलं पान आहे, असं मला वाटतं.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले, त्यांत वाशीम होता. पोषण आणि आरोग्य हे त्या यादीचे मोठे निकष. आणि याच जिल्ह्यात खरिपात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सोयाबीन, त्यात तुरीचे तास, आणि रब्बीत हरभरा! प्रथिनं, तंतू, खनिजं यांचा एवढा साठा शेतात उभा असलेल्या जिल्ह्याने पोषणाच्या यादीत मागे असावं, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

आता ते पोतं उघडू. मिलमध्ये तूर आधी चाळणीवर साफ होते. मग खरबरीत एमरी रोलरवरून तिची पहिली फेरी होते, सालीवर ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांतून तेल मुरावं म्हणून दाण्याला तेल चोळतात, पाणी शिंपडतात, रात्रभर ढीग झाकून ठेवतात आणि मग फरशीवर उन्हात वाळवतात. दुसऱ्या फेरीत साल सुटते, दाणा दुभंगतो, पंखा हलकं टरफल ओढून बाजूला फेकतो. त्या पोत्यात हात घातला तर वर लालसर तपकिरी पापुद्रे लागतात, कागदासारखे हलके. त्यांना पिवळं पीठ चिकटलेलं असतं. तळाशी गेलात की डाळीचे बारीक तुकडे आणि त्यांत एखाद्या खसखशीहून थोडी मोठी, वाकडी, फिकट कणी सापडते. तो अंकूर. दाणा दुभंगताना तो दोन्ही पाकळ्यांमधून निखळतो. तुरीच्या दाण्यात त्याचं वजन अगदी थोडं, पण त्यातलं प्रथिनांचं प्रमाण डाळीच्या जवळजवळ दुप्पट. पिवळं पीठ म्हणजे डाळीच्या पाकळीचा घासून गेलेला बाहेरचा थर. पाटनचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत तूर थराथराने घासून तपासली गेली, तेव्हा आतल्या गाभ्यापेक्षा या बाहेरच्या थरांत प्रथिनं, कॅल्शियम आणि लोह जास्त असल्याचं दिसलं. म्हणजे डाळ गुळगुळीत आणि चकचकीत करण्यासाठी जितकं घासावं, तितकं चांगलं ते चुनीत जातं.

टरफलाचा हिशोब त्याहून सरळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम तंतू आहेत, हरभऱ्याच्या डाळीत १५. कॅल्शियम अख्ख्या हरभऱ्यात १५० मिलिग्रॅम, डाळीत ४६. अख्ख्या तुरीत तंतू जवळपास २३ ग्रॅम, तूरडाळीत ९. कॅल्शियम १३९ वरून ७२ वर येतं. दाण्याच्या वजनात टरफलाचा वाटा साधारण १० ते १५ टक्के. पण दाण्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त कॅल्शियम त्या वाट्याबरोबर निघून जातं. दूध परवडत नाही अशा घरात हा आकडा किती मोठा आहे, हे मी सांगायला नको.

तंतू आणि खनिजांखेरीज टरफलात रंग असतो, आणि त्या रंगाला अर्थ आहे. दाणा मातीत पडतो तेव्हा बुरशी, कीड आणि ओल यांच्यापासून त्याला वाचवण्याचं काम सालीचं. म्हणून झाड आपली पॉलिफेनॉलं बहुतेक तिथेच साठवतं. तुरीत ती मुख्यतः सालीतच सापडतात, आणि पांढऱ्या तुरीपेक्षा लाल तुरीच्या सालीत जास्त. मुगाच्या हिरव्या सालीत व्हायटेक्सिन आणि आयसोव्हायटेक्सिन ही दोन संयुगं मुबलक आहेत. काळ्या सालीच्या कडधान्यांत जांभळाला रंग देणाऱ्या गटातली अँथोसायनिनं मिळतात. शेंगदाणे भाजून, हातावर चोळून आपण जी लाल फोलं फुंकून टाकतो, त्यांतही हीच संपत्ती आहे. प्रयोगशाळेत ही संयुगं पेशींची झीज करणाऱ्या अस्थिर रेणूंना शांत करतात, स्टार्च पचवणाऱ्या विकरांचा वेग कमी करतात. त्याचा अर्थ जेवणानंतरची साखर हळू चढायला मदत व्हावी, अशी आशा आहे.

आशा हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. यातला बराचसा पुरावा परीक्षानळीतला आणि उंदरांवरचा आहे. माणसांवरचा भक्कम पुरावा अख्ख्या कडधान्यांबद्दल आहे. २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी २६ चाचण्या एकत्र तपासल्या. रोज साधारण १३० ग्रॅम, म्हणजे एक वाटीभर शिजवलेलं कडधान्य खाणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. औषधाच्या मानाने हा परिणाम लहान वाटेल. पण हे रोजच्या जेवणातून, दवाखान्याची पायरी न चढता मिळतं. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये मांडला. अशा देशात ताटातले तंतू गोठ्यात पाठवणं आणि औषधाच्या दुकानातून भुशीचा डबा विकत आणणं एकाच वेळी चालू आहे. इसबगोलची ती भुशी म्हणजे तरी काय? बियाणाचं टरफलच. उत्तर गुजरातने त्या टरफलावर जगभरचा व्यापार उभा केला, कारण त्यांनी ते स्वच्छ काढलं, प्रतवारी केली आणि औषधाच्या शिस्तीने विकलं.

धान्याच्या कोंड्याने माणसाला शहाणं केल्याची गोष्ट तशी जुनी आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. त्यांना रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नंतर आलेल्या स्वयंपाक्याने लष्करी तांदूळ कोंबड्यांना द्यायला नकार दिला, साधा, कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. आइकमानला वाटलं, पांढऱ्या तांदळात काहीतरी विष असावं. त्याच्यामागून आलेल्या खेरिट ग्राइन्सने १९०१ मध्ये बरोबर बोट ठेवलं: विष नाही, कोंड्याबरोबर काहीतरी गरजेचं निघून गेलं आहे. त्याने कोंबड्यांना वाचवलं ते हिरवे मूग घालून! पुढे १९२६ मध्ये त्याच जावात यान्सेन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळं केलं. तेच आजचं ब-१ जीवनसत्त्व. आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं. ग्राइन्सचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

आपल्या वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्याला, हा धडा लवकर पोचला होता. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. संघाच्या मगनवाडीत हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला गेला, आणि १९३५ मध्ये गांधीजींनी तिथल्या जेवणात सोयाबीनचे प्रयोग करून 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिलं. विदर्भाच्या शेतात सोयाबीन पसरायला त्यानंतर जवळपास अर्धं शतक जावं लागलं. पसरलं ते तेलासाठी आणि ढेपेसाठी, ताटासाठी नव्हे.

सोयाबीनवर मी थोडा थांबणार आहे, कारण वाशीमच्या खिशाचा प्रश्न त्यात आहे. दाण्यातून साधारण १८ टक्के तेल निघतं आणि उरलेली ढेप कोंबडीखाद्याला किंवा परदेशी जाते. पण कारखान्यात तेल शुद्ध होताना जे बाजूला पडतं, ते बघा. कच्च्या तेलातला डिंकासारखा भाग काढला की लेसिथिन मिळतं. चॉकलेटपासून औषधांपर्यंत ते वापरलं जातं. तेलाचा वास घालवताना वाफेबरोबर जे उडून जातं आणि थंड करून गोळा होतं, त्यात ई जीवनसत्त्वाच्या गटातली द्रव्यं आणि वनस्पतींची स्टेरॉलं असतात. शिकागोत ग्लिडन कंपनीत काम करणारे पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे पूर्वज गुलाम होते. १९४० च्या सुमारास त्यांच्या कारखान्यातल्या सोयाबीन तेलाच्या मोठ्या टाकीत पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा साका जमला. तेल खराब झालं म्हणून इतरांना धक्का बसला. ज्युलियननी तो साका ओळखला: स्टिग्मास्टेरॉल, याच स्टेरॉलांपैकी एक. त्यातून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवलं आणि एके काळी अतिशय महाग असलेलं औषध सामान्य रुग्णांच्या आवाक्यात यायला वाट मोकळी झाली.

सोयाबीनचा अंकूर दाण्याच्या वजनात जेमतेम दोन टक्के. पण त्यात आयसोफ्लेवोन या वनस्पतिजन्य संयुगांचं प्रमाण पाकळ्यांच्या पाच-सहा पट आणि कधी त्याहूनही जास्त असतं. जपानमध्ये हा अंकूर वेगळा काढून त्याचा अर्क विकला जातो. इथेही मला सावधपणा हवा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये सोया प्रथिनांमुळे हृदयविकाराचा धोका कमी होतो असा मजकूर पाकिटावर छापायला परवानगी दिली आणि २०१७ मध्ये पुरावा पुरेसा सुसंगत नाही म्हणून तीच परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. सोयाबीनमधल्या बोमन-बर्क नावाच्या विकररोधकाकडून कर्करोग रोखण्याची मोठी अपेक्षा होती. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर माणसांत झालेल्या चाचणीत तो औषधी गुण नसलेल्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरला नाही. म्हणून गोळ्या-कॅप्सूलचे कारखाने वाशीमला आणण्याचं स्वप्न मी आज तुम्हाला दाखवणार नाही. आपलं काम त्याच्या बरंच आधी सुरू होतं.

ते सुरू होतं स्वच्छतेपासून. चुनीला आपण जनावराचा माल समजतो, म्हणून तिच्यात फरशीवरची धूळ येते, रोलरची झिजलेली कणी येते, कधी मागच्या वर्षीच्या पोत्याचा बुरसा येतो. फवारणीचा अंश उरला तर तो मुख्यतः दाण्याच्या बाहेर, सालीवर उरतो. ओल्या ढिगात बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका. शेंगदाण्याच्या बाबतीत तर तो सर्वांत मोठा. पोत्यात गेल्यावर मग ती चुनी माणसाच्या पोटासाठी साफ करता येत नाही. पहिल्या चाळणीपासून, ताडपत्री अंथरण्यापासून, पंख्याच्या तोंडाशी वेगळं पोतं लावण्यापासून ती काळजी घ्यावी लागते. सोयाबीनचं दूध आणि पनीर बनवणाऱ्या लहान उद्योगांत तर वेळ घड्याळावर मोजावी लागते. दूध गाळून उरलेला ओला चोथा वजनाने मूळ दाण्याइतका किंवा थोडा जास्त भरतो. त्यात तंतू आहेत, चांगली प्रथिनं आहेत, पण आपल्या उन्हात तो दुपारपर्यंत आंबतो. त्याच दिवशी वाळवला तर त्याचं पीठ होतं, नाही तर उकिरडा. शिवाय कच्च्या सोयाबीनमधले विकररोधक प्रथिनांचं पचन अडवतात, म्हणून उष्णता द्यावीच लागते. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने यासाठी एनआरसी १२७ हे कुनिट्झ नावाचा विकररोधक नसलेलं वाण काढलं आहे.

आणखी एक इशारा आयाबहिणींसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. टरफलातली टॅनिनं आणि दाण्यातलं फायटिक आम्ल लोह धरून ठेवतात, शरीराला लागू देत नाहीत. म्हणून सालीचं पीठ आरोग्याचं आहे असं ऐकून अशक्त मुलीच्या भाकरीत मूठभर मिसळलं, तर नुकसानच होईल. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ही बंधनं सैल होतात. वरून लिंबू पिळलं की लोह आणखी लागू पडतं. आपल्या घरातल्या बायका मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळतात, त्यामागे हे रसायन आहे.

खरं सांगायचं तर या विषयातली बरीचशी अक्कल आपल्या चुलीपाशी आधीपासून होती. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून वरचं पाणी काढतात. त्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं, शर्करा आणि ब गटातली जीवनसत्त्वं उतरलेली असतात. ते कुणी ओतून देत नाही, त्याची कटाची आमटी होते. कुळथाचं, मुगाचं कढण आजाऱ्याला देतात. वऱ्हाडात हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले सालीसकट भातात पडतात, अख्ख्या तुरीच्या घुगऱ्या होतात. सालीची मूगडाळ आपल्या आज्यांच्या डब्यात असायची. ती डब्यातून गेली कारण पिवळी डाळ लवकर शिजते आणि दिसायला श्रीमंत दिसते. माझं स्पष्ट मत असं आहे की टरफलातली संयुगं मिळवण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आठवड्यातून काही दिवस टरफल काढूच नये.

मग मिलमध्ये निघालेल्या चुनीचं काय? ती सगळी माणसांनी हिसकावून घ्यावी असं मी म्हणणार नाही. दुभत्या म्हशीला ती लागते, आणि तिच्या दुधातून ती आपल्याकडे येतेच. मळणीचं कुटार आणि चुनी यांच्यावर या जिल्ह्यातले गोठे उभे आहेत. पण माणसाचा वाटा फार लहान आहे. लोहाबद्दलचा मघाचा इशारा पाळून पाच माणसांच्या घरात प्रत्येकी रोज दहा ग्रॅम स्वच्छ केलेल्या टरफलाचं पीठ धरलं, तरी वर्षाला १८ किलो होतं. दीड क्विंटल तुरीतून तेवढं टरफल निघतं. जनावराच्या तोंडचा घास न काढता हे होण्यासारखं आहे. अंकूर तर त्याहून लहान आणि मोलाचा. तो चाळणीने वेगळा काढून, भाजून, अंगणवाडीच्या सत्तूत किंवा लाडवात घालता येईल का, याचे प्रयोग या जिल्ह्यात व्हायला हवेत.

साधनं आपल्याजवळ आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी डाळमिल विकसित केली, ती गावात बसते आणि बचत गटाच्या हातांना झेपते. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेने प्रकल्पखर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान देऊ केलं. मोठ्या मिलमध्ये दहा गावांचा माल एकत्र होतो, तिथे स्वच्छ टरफल वेगळं काढणं अवघड. गावच्या लहान मिलमध्ये ते दोन पोती आणि एक चाळणी एवढ्यावर होतं. लहान मिलचा हा फायदा सहसा कुणी मोजत नाही, कारण हिशोबात फक्त डाळीचा उतारा धरला जातो. आणि वाशीमचा शेतकरी नवं काही करायला कचरतो, असं मला कुणी सांगू नये. गेल्या काही वर्षांत इथल्या शेतांत चिया उभा राहिला, बाजार समितीत त्याची खरेदीही झाली. शहरातली माणसं त्यातले तंतू आणि ओमेगा-३ विकत घेतात म्हणून तो उभा राहिला. तंतूंना गिऱ्हाईक आहे, हे आपल्याला ठाऊक झालं आहे. तुरीच्या टरफलाला ते मिळवायचं तर त्याच्यावर तपासणीचा कागद लागेल: तंतू किती, टॅनिन किती, अफ्लाटॉक्सिन आहे की नाही, फवारणीचा अंश किती.

तो कागद देणं हे विद्यापीठाचं आणि अन्नतंत्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांचं काम आहे, आणि माझी त्यांना विनंती आहे की वाशीमच्या डाळमिलचं टरफल, चुरा, पीठ आणि अंकूर हे चार नमुने वेगवेगळे तपासून त्यांचे आकडे मराठीत छापा. मिलवाल्यांना विनंती, की पंख्यापाशी एक स्वच्छ पोतं वेगळं लावा. आणि शेतकरी बंधूंनो, काही ठिकाणी भरडाईच्या मजुरीत चुनी मिलवरच सोडून येण्याची पद्धत आहे. येत्या हंगामात तूर भरडायला न्याल तेव्हा डाळीबरोबर चुनीचंही वजन करायला सांगा, पावतीवर लिहून घ्या, आणि तिची किंमत मजुरीत धरायची असेल तर ती किती धरली, हे विचारल्याशिवाय मिलमधून निघू नका.